तानेच्या मापाची लेन्स

गवयाचा फोटो काढणारा चेहऱ्याकडे बघत बसतो आणि निम्मं गाणं हातात चाललेलं असतं. आमच्या ग्वाल्हेर गायकीत तर जास्तच. तान चढली की हात पुढे झेपावतो आणि समेवर काहीतरी मुठीत धरून आणल्यासारखा परत येतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली, तेव्हा हातवारेही बरोबर गेलेच असणार. ८५ एमएम, म्हणजे माणसांच्या फोटोंसाठी वापरतात त्या थोड्या लांब पल्ल्याच्या लेन्सचा माझा सगळा हिशेब या हातापाशी येऊन अडतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून अधूनमधून बैठक होते. सतरंज्या, लोड-तक्के, मागे तानपुरे. मी गवयापासून चारेक मीटरवर भिंतीला टेकून मांडी ठोकते. फुल फ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरला तर तिथून ८५ एमएममध्ये बसलेला माणूस मांडीपासून डोक्यापर्यंत नीट मावतो, वर थोडी हवाही राहते. याहून कमी एमएमची लेन्स घेऊन पुढ्यात सरकलं की नाक मोठं आणि कान लहान. ती करामत खरं तर लेन्सची नसून अंतराची. शिवाय पुढ्यात सरकणाऱ्या फोटोग्राफरला आमची आत्या जे ऐकवते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत्याचाच मुलगा, म्हणजे दादा, सिग्माची २०१६ची ८५ एमएम एफ १.४ आर्ट ही लेन्स बाळगून आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. वजन ११३० ग्रॅम, फिल्टर लागतो ८६ मिलिमीटरचा. माझी सोनीची एफ १.८, ३७१ ग्रॅम. तिप्पट वजनाला उजेड किती जास्त मिळतो? दोन-तृतीयांश स्टॉप; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. मी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० वर असेन तिथे दादा २००० वर असतो. हल्लीच्या सेन्सरवर हा फरक बघायचा तर फोटो भिंतीएवढा करावा लागेल, आणि आमच्याकडे भिंतींवर पूर्वजच इतके आहेत की जागा नाही.

पण वजन उगाच येत नाही, हेही खरं. ८५ ला १.४ ने भागलं की सुमारे ६१ मिलिमीटर येतात, १.८ ने भागलं की ४७. दादाच्या लेन्सला निदान ६१ मिलिमीटरचं तोंड हवंच. शिवाय एवढ्या रुंद काचेच्या कडेने शिरलेला उजेड मधून आलेल्या उजेडाशी नेमका एका जागी जुळवायचा, आणि सगळ्या रंगांचा जुळवायचा, म्हणून आत काचेमागे काच. सिग्मात १४ भिंगं आहेत, माझ्या सोनीत ९.

त्या जादा काचा काय करतात ते बैठकीत कळत नाही, लग्नात कळतं. नवरीची मोत्यांची नथ, मुंडावळ्या, शालूची जर. माझी लेन्स पूर्ण उघडी ठेवून हे टिपलं की फोकसच्या अलीकडच्या मोत्यांना जांभळट कड येते आणि पलीकडच्यांना हिरवट. दादाच्या फोटोत मोती मोत्याच्याच रंगाचे राहतात. इथे मी वाद घालत नाही.

बैठकीत मात्र घालते. चार मीटरवरून एफ १.४ ला जेमतेम १८-१९ सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते, आणि तीही चेहऱ्याच्या पुढे-मागे वाटली जाते. तानेचा हात त्याच्या कितीतरी बाहेर. डोळे लख्ख आणि हाताच्या जागी गव्हाळ धूर, असे गवई दादाकडे पुष्कळ आहेत. मी एफ ४ वर येते. खोली अर्ध्या मीटरपर्यंत जाते. हात थोडा मऊ होतो, पण कुणाचा आणि कशासाठी उठलाय ते दिसतं. आयएसओ चढतो, चढू दे. आणि एफ ४ ला दोन्ही लेन्स शेजारी ठेवल्या तर आत्यालाच काय, दादालाही सांगता येणार नाही कुठला फोटो कुणाचा.

माणसामागचं सगळं धूसर करण्याच्या हौसेचंही तसंच. ग्वाल्हेरातच हजिऱ्याला तानसेनच्या समाधीशेजारी मुहम्मद गौसचा मकबरा आहे, त्याच्या दगडी जाळ्या बघायला लोक लांबून येतात. त्या जाळीपुढे माणूस उभा करून जाळीच पुसून टाकायची असेल, तर मग घरातला पडदा काय वाईट?

यावर दादाचा एक प्रश्न फार नेमका आहे. "एफ ४ वरच काढायचं, तर सिग्माची ९० एमएम एफ २.८ का घेत नाहीस? २९५ ग्रॅम. खिशात राहील." धातूची, देखणी, ५५ मिलिमीटरचा फिल्टर. मी ती हातात घेऊन पाहिली आहे आणि मोह झालाही आहे. पण दिवाणखान्यातले दिवे मालवून एकच समई ठेवायची हौस काही यजमानांना असते, तेव्हा १.८ आणि २.८ मधला सव्वा स्टॉप फार कामाचा. त्यासाठी ७६ ग्रॅम जास्त उचलायला माझी हरकत नाही. दोन-तृतीयांश स्टॉपसाठी ७५९ ग्रॅम उचलायला आहे. घरात लग्न निघालं की मोत्यांपुरतं दादाला बोलावतो. तो येतो, आणि आल्या आल्या कॅमेऱ्याची बॅग माझ्याच खांद्याला अडकवतो.