नानांनी मुरवलं, शेजाऱ्याने उपसलं

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात, पाणी मुरवणं फारसं अवघड नाही. मुरलेलं पाणी कुणाचं, हे सांगणं अवघड आहे. गेल्या नोव्हेंबरात एका बांधावर हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

मी भूजलाचं काम करतो. बोअरची जागा दाखवतो आणि कोरड्या विहिरींना पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी विहिरीतून जमिनीत मुरवायची सोय, बसवून देतो. जागा दाखवायला लोक आधी नारळवाल्या पाणाड्याला बोलावतात, दोन-तीन बोअर फेल गेले की मला. पुनर्भरणासाठी मात्र कुणी आपण होऊन बोलावत नाही, गळी उतरवावं लागतं.

इथले केळीवाले शेतकरी नाना तयार झाले ते जुन्या विहिरीमुळे. आजोबांच्या काळातली, घडीव दगडात बांधलेली, सव्वाशे फूट खोल, आणि ठणठणीत कोरडी. केळी सगळी ठिबकवर, पण मृगबाग (पावसाच्या तोंडी लावलेली) आणि पिलबाग (आधीच्या खोडांच्या पिलांवर धरलेली) दोन्ही एका वेळी उभे. दोन ट्यूबवेली चालवूनही एप्रिल-मेमध्ये पाणी तुटायचं. तिसरी घ्यावी असं मुलांचं म्हणणं होतं. अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे भूजल जपण्यासाठी सरकारने जाहीर केलेल्या भागात, शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात बंदी आहे. बोअरच्या गाड्यांना ती कुणी सांगितलेली दिसत नाही.

इथली जमीन म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांनी पिढ्यानपिढ्या आणून टाकलेले गोटे, रेती आणि मधे मधे चिकणमाती. आम्ही याला बझाडा म्हणतो. हा पट्टा पाणी घटाघटा पितो. खरा शत्रू गाळ. पुराचं पहिलं लाल पाणी विहिरीत गेलं की तळाची रेती लिंपली जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत विहीर पाणी घेईनाशी होते. म्हणून नाल्याच्या काठी दोन खड्डे केले: पहिल्यात फक्त गाळ बसायचा, दुसऱ्यात खाली मोठे गोटे, वर खडी, सगळ्यांत वर धुतलेली जाड वाळू. पाइप थेट विहिरीच्या तळापर्यंत नेला. वरून धो-धो पाणी पडलं तर जुनं बांधकाम ढासळतं. पाइपाला व्हॉल्व्ह, आणि नानांना ताकीद की पहिले पूर वाहून जाऊ द्या, पाणी निवळलं की उघडा. त्यांनी ती तंतोतंत पाळली. मी सरकारी योजनांमधली अशी कामं पाहिली आहेत, ज्यांत ठेकेदाराने वाळूऐवजी मुरूम भरला, फोटो काढला आणि बिल उचललं. किती विहिरी झाल्या हे तिथे मोजतात, पातळी किती चढली हे कुणी मोजत नाही.

मी मोजतो. नोव्हेंबरात रात्रभर मोटारी बंद ठेवायला लावून सकाळी पातळी घेतली. नानांच्या ट्यूबवेली जेमतेम आठ फूट चढल्या होत्या. दक्षिणेच्या शेजाऱ्याची मात्र वीस फुटांहून जास्त चढली होती. नुसत्या पातळीवर मी विसंबलो नाही, क्षारांचं मीटर लावलं. नाल्याचं पाणी अडीचशेच्या आसपास, इथलं खोलातलं पाणी साडेआठशेच्या पुढे. शेजाऱ्याचं पाणी पाचशेवर उतरलं होतं, म्हणजे त्यात नाल्याचं पाणी मिसळलं होतं. नानांचं जवळपास होतं तिथेच. दोन्ही ट्यूबवेली शेताच्या वरच्या अंगाला, आणि जुन्या बोअरच्या नोंदी पाहिल्या तर मधे चिकणमातीचा जाड थर. विहिरीखालून मात्र रेतीचा पट्टा तापीच्या उताराने सरळ शेजाऱ्याकडे गेलेला.

नाना बराच वेळ आकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे पैसा माह्या, वावर माह्यं, आन पानी त्याच्या मोटारीले?”

शेजारी तरुण आहे, नानांना वाकून नमस्कार करणारा. त्याने आवाज चढवला नाही. “नाना, मी काय तुमच्या विहिरीत मोटार टाकली का? माह्या वावरात निघते ते माह्यं.” कायद्याने त्याचंच बरोबर आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा, असंच चालत आलं आहे. पाणी वाढलंय हे दिसताच त्याने पाच हजार खोडांची नवी लागवड ठरवूनही टाकली होती.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे. आठ-वीस फूट चढलेलं पाणी त्या पाच हजार खोडांत जाणार, आणि दोघंही पुन्हा होते तिथेच. पाणी वाटून घेणं खान्देशाला नवीन नाही. पांझरा नदीवर फड, म्हणजे एकाच बंधाऱ्यावर भिजणाऱ्या शेतांचे गट, चालले, त्या साली बंधाऱ्यात पाणी किती ते बघून कुठल्या फडाला कुठलं पीक हे गाव ठरवायचं आणि पाटाची राखण करणारा पाटकरी बारीने पाणी द्यायचा. पण ते पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहत होतं. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नालेच्या नाले खोल-रुंद केले, तिथे कुणा एकट्याच्या खिशाला हात नव्हता. इथे एकट्या नानांनी खर्च केला आहे, आणि त्याचा फायदा त्यांना दिसत नाही.

मी दोन गोष्टी सुचवल्या. खड्ड्यातली वाळू दरवर्षी धुवायचा खर्च शेजाऱ्याने द्यायचा, आणि त्याने खोडं वाढवायची नाहीत. पहिली त्याने लगेच मान्य केली. दुसरीवर म्हणाला, “भाऊ, हप्ते तुम्ही भरान का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेमध्ये वाळू धुतली, मजुरी त्याने दिली. त्याची नवती, म्हणजे ती नवी केळी, लागली, हिरवीगार आहे. पाऊस तोंडावर आला तसा नानांचा फोन आला, व्हॉल्व्ह उघडू की नको. मी उघडा म्हणालो. बंद ठेवला तर पाणी नाल्याने थेट तापीला जाईल, मग तुमच्या आठ फुटांतलंही काही राहणार नाही, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन त्यानं अजून पाच हजार लावले तर?”