लोलक, दळ आणि आमचा झोपाळा

माझे शिक्षण पुण्यात मराठी माध्यमात झाले आणि लग्नानंतर मी वडोदऱ्यास आले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी सातवीच्या पाच मुलांना विज्ञान शिकवायला घेतले, तेव्हा घरी मराठी बोलणारी पण शाळेत गुजराती माध्यमात शिकणारी ही मुले माझे शब्द भलत्याच अर्थाने घेतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. मी काचेचा त्रिकोणी ठोकळा दाखवून ‘हा लोलक’ म्हटले, तर एकाने किल्ल्यांचा जुडगा दोऱ्याला बांधून झुलवून दाखवला. गुजरातीत लोलक म्हणजे आपला लंबक. वस्तुमानाला त्यांच्या पुस्तकात ‘दळ’ म्हणतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र प्रत्येक वेळी दळणाचा डबा येई.

शेवटी शब्द बाजूला ठेवून मी मुलांना दिवाणखान्यातल्या झोपाळ्याजवळ नेले. जड माणूस बसला तर झोपाळा लवकर परत येईल, असे पाचही जणांचे मत होते. म्हणून आधी एका मुलाला आणि मग सासूबाईंना बसवून, पाय न मारता दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ मोबाइलवर मोजायचे ठरले. मुलाला २६ सेकंद लागले, सासूबाईंना २९. हा फरक वजनाचा नव्हता: मुलाच्या वेळी झोपाळा सोडतानाच ‘एक’ म्हटल्याने प्रत्यक्षात नऊच हेलकावे मोजले गेले होते. ‘शून्य’पासून मोजल्यावर त्यालाही २९ लागले. सासूबाई खूश झाल्या.

खरी अडचण पुढे आली. एक मुलगा फळीवर उभा राहिला आणि वेळ पुन्हा २६ भरला. मोजणी चुकली, असे सगळे एका सुरात म्हणाले. तीनदा मोजूनही २६ हटेना, तेव्हा शांतता पसरली. वेळ लांबीवर अवलंबून असतो, पण ही लांबी छताच्या कडीपासून फळीपर्यंत न मोजता, शरीराचा भार जेथे एकवटला आहे असे मानता येते त्या बिंदूपर्यंत धरायची असते, आणि माणूस उभा राहिला की तो बिंदू वर सरकल्याने लांबी आखूड होते, हे मी त्यांना तेव्हा सांगितले. आधी सांगितले असते तर त्यांनी ते पाठ केले असते.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याला कुलूप बांधून आम्ही पुन्हा मोजले. एक मीटर लांबीला दहा हेलकाव्यांचे २० सेकंद आले. अर्ध्या मीटरला १० येतील, असे एका मुलीने वहीत आधीच लिहून ठेवले होते, आले १४. तिने आपला अंदाज न खोडता शेजारी १४ लिहिले आणि कोणाला न विचारता दोरा आणखी आखूड करत गेली. २५ सेंटिमीटरला १० आले, तेव्हा तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले.