तांबं वाढलं कुठून?

पावसाळ्यात बडोद्याची हवा अशी दमट असते, की सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं झाकण जरा उघडं राहिलं तर आतल्या गोळ्यांना पाणी सुटतं. अशा हवेत गेल्या गुरुवारी पहिल्या वर्षाचा तांब्याचा प्रयोग होता. ०.५०० ग्रॅम तार तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवायची, तपकिरी धूर फ्यूम हूडमध्ये जाऊ द्यायचा, आणि तेच तांबं हायड्रॉक्साइड, ऑक्साइड, सल्फेट असं फिरवून, शेवटी जस्ताची पूड घालून पुन्हा धातू म्हणून हाती घ्यायचं.

खरी परीक्षा ऑक्साइडच्या वेळी असते. निळा साका तापून काळा होतो. तेव्हा काचकांडी फिरवणारा हात थांबला की बीकर उसळतं आणि तांबं टेबलावर सांडतं. मग साका खाली बसेपर्यंत धीर धरायचा आणि वरचं पाणी अलगद ओतायचं. पंधरा वर्षं शिकवतेय, पण परत मिळालेलं तांबं माझ्या स्वतःच्या हातून मूळ वजनाच्या ९४ टक्क्यांवर क्वचितच गेलंय.

एका मुलीचं वजन आलं ०.५६० ग्रॅम. म्हणजे ११२ टक्के.

शेजारून जाणारे आमचे ज्येष्ठ सहकारी गुजरातीत म्हणाले, "९६ लखी नाख ने!" म्हणजे, ९६ लिहून टाक ना. ती गप्प राहिली. ते गेल्यावर माझ्याकडे येऊन मराठीत म्हणाली, "मॅडम, जास्तीचं तांबं आलं कुठून?"

तास संपला होता, तरी आम्ही थांबलो. आधी ओव्हनमध्ये पुन्हा वाळवलं. वजन ०.५२७ झालं. पाणी गेलं, तरी १०५ टक्के उरलेच. मी विचारलं, "जस्ताची पूड घातल्यावर बुडबुडे थांबले होते ना?"

"हो, म्हणूनच गाळलं."

चूक इथे होती, आणि ती माझी. बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघा, एवढंच मी फळ्यावर लिहिलं होतं. जस्त संपलं तरी बुडबुडे थांबतात आणि आम्ल संपलं तरी थांबतात, मग जस्त तांब्यातच उरतं, हे सांगितलंच नव्हतं. तिने तो लालसर चुरा विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला आणि बुडबुड्यांची रांग लागली. जस्त विरघळतं, तांबं तसंच राहतं. फेस पूर्ण थांबल्यावर आणखी चार थेंब घालून पाहिले, काही झालं नाही. धुतलं, स्पिरिटने खळबळलं, वाळवलं. ०.४५८ ग्रॅम. ९१.६ टक्के.

तिने वहीत तिन्ही वजनं लिहिली, एकही खोडलं नाही. आमच्या गुणपत्रकात मात्र रकाना एकच, आणि ९५ च्या पुढे पूर्ण गुण. पहिलंच वजन धरायचं, असा विभागाचा आग्रह आहे. ज्याने कुणी हा रकाना आखला, त्याने हा प्रयोग कधी हाताने केला नसावा.

त्या बॅचच्या बाकीच्या एकोणीस वह्यांत ९६ ते ९८ टक्के आहेत. त्यांच्यावर सह्या मी त्याच दुपारी, तिचं वजन बघण्याआधी, करून टाकल्या होत्या.