कापडी टपाची गाडी आणि महालातले कवेलू

मागच्या ऑगस्टात नागपूरहून मामेभावाचा व्हिडिओ आला. ड्रायव्हरच्या सीटमागच्या गालिच्यावर त्याने तळहात दाबला आणि बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. मागून त्याचा रडवेला आवाज, "ताई, टप आतून ठणठणीत कोरडा आहे. वरून एक थेंब पडून नाही राह्यला. मंग हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

त्याने पुण्याहून एक बारा वर्षं जुनी कन्व्हर्टिबल घेतली आहे. बटण दाबलं की कापडी टप घडी होऊन मागे जातो. घरात यावरून बरंच झालं होतं. मामांचं म्हणणं एकच, नागपुरात बिनछपराची गाडी घेऊन मे महिन्यात करणार काय? पण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या नागपूरच्या सकाळी ज्यांनी अनुभवल्यात, त्यांना त्याचा हट्ट कळेल. सहा वाजता टप उघडून अंबाझरीच्या बाजूने सेमिनरी हिल्सवर जायचं, अंगात स्वेटर, डोक्यावर झाडं. मला तर ऐकूनच त्याचा हेवा वाटला होता.

मी ब्रिस्टलला राहते, त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली सात माझ्याकडेही अशीच एक दोन सीटांची, हाताने टप उघडायची जुनी गाडी आहे. इथे पाऊस बाराही महिने, तरी दर दुसऱ्या गल्लीत उघड्या टपाची गाडी दिसते. पहिल्या वर्षी मला याचं फार नवल वाटायचं. पारा आठवर असतो आणि माणसं कानटोपी घालून, पायाशी हीटर लावून, टप उघडा टाकून निघालेली असतात. चार तास कोरडे मिळाले तर ते वाया घालवायचे नाहीत, हे इथल्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं. आता मीही तेच करते.

भावाचा व्हिडिओ पाहिला आणि मला माझा पहिला ऑक्टोबर आठवला. सकाळी गाडीच्या काचा आतून धुरकट व्हायच्या आणि दार उघडलं की ओल्या पोत्याचा वास यायचा. कापड झिजलं असणार असं मी धरून चालले. कापडाला पाणी धरू न देणारं औषध आणून दोन हात मारले, पण काही फरक पडला नाही. एका वर्कशॉपात दाखवली, तर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारून सांगितलं, पूर्ण टप नवीन बसवावा लागेल. खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

त्या रात्री मला नागपूरच्या महाल भागातला आजोबांचा वाडा आठवला. त्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती. रोहिण्या लागल्या की आजोबा माणसं लावून कवेलू फेरून घ्यायचे. फुटलेला कवेलू खालूनही दिसतो, त्यातून ऊन येतं, तो कोणीही बदलतो. पण घर खरं गळायचं ते दोन उतार जिथे मिळतात त्या कोनात. तिथल्या पन्हाळीत पाला साचला की पाणी तुंबायचं, उलटं चढायचं आणि भलत्याच खोलीत उतरायचं. म्हणून आजोबा शिडीवर चढले की सगळ्यात आधी त्या पन्हाळीत हात घालायचे.

कापडी टपाचं गणित हेच आहे. तिथेही पाण्याला ठरलेली वाट करून दिलेली असते. टपावरून आणि मागच्या काचेवरून उतरलेलं पाणी काचेच्या खाली, सीटांच्या मागे, एका पन्हाळीत जमतं. तिच्या दोन्ही टोकांना भोकं, भोकांना नळ्या, आणि त्या नळ्या साधारण मागच्या चाकांच्या पुढे गाडीच्या पोटाखाली उघडतात. भोकाच्या तोंडाशी पाला, धूळ, कापडाचे तंतू बसले की पन्हाळ भरते आणि पाणी आतल्या बाजूला सांडतं. टप कोरडा आणि पाय ओले, ते यामुळे. गालिच्याखाली जाड फोम असतो, तो महिनाभरही पाणी धरून बसतो. त्याच्याखाली पत्रा गंजतो. कित्येक गाड्यांमध्ये वायरांचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक डबेही त्याच तळाशी असतात, म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये.

माझ्या गाडीच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी घेतली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केलं, आणि हळूहळू पिळत आत सरकवली. पाचव्या-सहाव्या खेपेला खालून काळा चिखल पडला. त्यामागून जे पाणी धो धो निघालं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तार किंवा कंप्रेसरची हवा मात्र कधीच वापरू नये. नळी खालच्या जोडातून निसटते, किंवा तिला भोक पडतं, आणि मग पाणी बॉडीच्या पोकळीत उतरतं, जिथे ते कोणाला दिसतही नाही. नळी मोकळी झाली की एक कप पाणी ओतायचं आणि वाकून बघायचं. ओतलं तेवढं खाली पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंना.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. त्याची गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी असते. कडुलिंबाची पानं बारीक, चैत्रातला मोहोर त्याहून बारीक, आणि त्यात नागपूरची उन्हाळ्यातली धूळ. पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो. त्याने वाटीभर लगदा काढला आणि फोटो पाठवला. मागचं पाणी थांबलं. पण पुढे, ड्रायव्हरच्या पायाशी, ओल तशीच.

मग खरा शोध सुरू झाला. भावजय टॉर्च घेऊन आत बसली, रबरांवर तिने टाल्कम पावडर भुरभुरली. भावाने बाहेरून नळीचं पाणी सोडलं, अगदी हलकं, धार न मारता. यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाणी खालून सोडायला सुरुवात करायची, एका जागी तीन-चार मिनिटं थांबायचं, मगच वीतभर वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खालच्या फटीतून शिरतं आणि दोष वरच्या रबराला जातो. आमच्याकडे पावडरवर रेघ उमटली ती दाराच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यात, जिथे तीन रबरं एकत्र येतात. दहाची नोट काचेच्या कडेवर धरून दार लावलं आणि ओढली, तर ती सहज निघून आली. रबर नीट दाबत असेल तर नोट अडून यायला हवी.

भाऊ रबर मागवायला निघालाच होता. मी विचारलं, बॅटरी कधी बदलली? जूनमध्येच. अशा बऱ्याच गाड्यांत दार उघडताना काच जराशी खाली येते आणि लावल्यावर पुन्हा वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढली की काच आपली वरची हद्द विसरते. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून काच पूर्ण वर न्यायची आणि बटण आणखी काही सेकंद ओढून धरायचं, की ती हद्द परत लक्षात राहते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. त्याने ते केलं, काच दोन-तीन मिलिमीटर वर गेली आणि नोट अडली. एक रुपयाही खर्च झाला नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो माझ्या गाडीच्या वेळीही झाला नव्हता.

यंदा मे महिन्यात घरी गेले तेव्हा गाडी प्रत्यक्ष बघितली. पारा ४५च्या वर. दुपारी बाराला टपाच्या कापडावर हात ठेववत नव्हता. ब्रिस्टलमध्ये टपाचा शत्रू म्हणजे ओल आणि हिरवं शेवाळ. नागपुरात तो मान उन्हाचा. ऊन आधी कापड खात नाही, शिवण खातं. कापड चांगलं तीन थरांचं असतं, वर विणलेलं कृत्रिम धाग्याचं, मध्ये रबर, आत अस्तर. पाणी अडतं ते मधल्या रबरामुळे. पण शिवणीचा धागा उघडा पडलेला असतो, तो वाळून पिठासारखा होतो. भावाच्या टपावर मागच्या कोपऱ्यात वीतभर शिवण नुसती नखाने उसवत होती.

मामांनी त्यांच्या ओळखीचे, जीपचे हूड आणि सीट कव्हर शिवणारे एक काका बोलावले. ते आरी आणि मेण लावलेला पॉलिएस्टरचा धागा घेऊन आले. मी त्यांना विनंती करायच्या आतच ते म्हणाले, "बाई, जुन्या छिद्रातूनच सुई घालतो. नवं छिद्र पाडलं का नवी गळती." टप गाडीवर असतानाच, एक हात आत, एक हात बाहेर, असं त्यांनी दोन तासांत ते टाके घातले. नंतर आम्ही शिवणीवर सीलर फिरवला. ब्रिस्टलच्या वर्कशॉपात नवा टप सांगतात, आणि आमच्याकडे हे काम जाणणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून ते शिकून घेणारं पुढे कोणी आहे का, याची मला काळजी वाटते.

धुणं आम्ही पहाटे केलं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. प्रेशरचं पाणी जवळून मारू नये, ते तंतू उचकटतं. पक्ष्यांची घाण खरवडायची नाही, भिजवून उचलायची. कापड पूर्ण वाळल्यावर पाणीरोधक औषध. ब्रिस्टलला यासाठी मला दोन कोरडे दिवस हेरावे लागतात, नागपुरात सकाळी सातला धुतलेला टप आठला कडक वाळला होता. टप रेक्झिनसारखा असेल तर त्याचं औषध वेगळं, कापडाचं त्याला लावू नये. आणि रबरांना सिलिकॉनचं ग्रीस, बोटाने, पातळ. आपल्याकडे घरात व्हॅसलीन असतं म्हणून ते लावतात, पण पेट्रोलियमच्या पदार्थांनी बरीच रबरं फुगतात आणि सैल पडतात.

मागची काच प्लॅस्टिकची असेल, जशी माझी आहे, तर थंडीत टप पाडू नका. गारठ्याने ती कडक होते आणि घडीवर तडकते. माझी पहिली अशीच गेली. आता मी आधी काचेची चेन उघडते आणि घडीत जुना टॉवेल ठेवते. कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर चरे पडतात.

एका संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठी भावाने टप बंद करायला बटण दाबलं आणि टप अर्ध्यात थांबला. लोक जमले. भाऊ घामाघूम. मी आधी डिकी उघडली. आत एक पडदा असतो, टपाची जागा आणि सामानाची जागा वेगळी करणारा. आमच्या बॅगेने तो ढकलला गेला होता. तो जागेवर नसेल तर सेन्सर टपाला हलू देत नाही. पडदा लावला, डिकी नीट बंद केली, इंजिन चालू ठेवलं, आणि टप गेला. बटणाचा टप अडला की तो उचलणाऱ्या तेलाच्या पंपाला दोष देण्याआधी एवढं बघावं, शिवाय बॅटरी आणि फ्यूज. पंप कण्हतोय आणि टप सावकाश उठतोय, तर मात्र तेल कमी झालेलं असू शकतं. ते पुस्तकात सांगितलेलंच घालावं. चुकीच्या तेलाने टप ढकलणाऱ्या सिलिंडरची सीलं जातात. डिकीच्या अस्तरावर तेलकट डाग असेल तर सिलिंडर पाझरतोय, आणि कित्येकदा तो नवा न घेता सील बदलून दुरुस्त होतो. अर्धवट उभ्या टपाखाली हात किंवा डोकं घालायचं तर आधी लाकडाचा टेकू द्या. दाब सुटला की तो खाली येतो.

त्या रात्री जेवताना मामांनी विचारलं, हे असं छप्पर गुंडाळायचं डोकं कोणाचं? कापडाचं तर घोडागाडीइतकं जुनं. पण पत्र्याचं अख्खं छप्पर विजेवर डिकीत नेण्याची करामत १९३०च्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज पोलां यांनी प्यूजोच्या एक्लिप्स गाड्यांसाठी केली. ते पेशाने दंतवैद्य होते. दुसऱ्या महायुद्धात ते नाझींविरुद्धच्या प्रतिकारात उतरले आणि १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या सकाळी मला पण नेजो सेमिनरी हिल्सवर."

निघायच्या आदल्या दिवशी मी नायलॉनच्या दोरीचं वेटोळं गाडीच्या खणात ठेवलं आणि भावाकडून कबूल करून घेतलं, रोहिण्या लागल्या की एकदा आणि दिवाळीला एकदा. मृगाचा पाऊस झाला त्या रात्री त्याचा व्हिडिओ आला. अंगणात अंधार, कडुलिंबावरून पाणी गळतंय, आणि तो जमिनीवर पोटावर पडून टॉर्च गाडीखाली धरतोय. मागच्या चाकांच्या पुढे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, पाण्याच्या दोन बारीक धारा.

"ताई, दोन्हीकडून पडून राह्यलं!"