आधी नाडी, मग स्टेथो

खारघरच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी सकाळी बीएस्सी नर्सिंगच्या नव्या बॅचकडून व्हार्कची प्रश्नावली भरून घेतली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ही 16 प्रश्नांची चाचणी. बघून, ऐकून, वाचून-लिहून की हाताने करून, यातलं कुणाला काय रुचतं ते तिच्यातून कळतं. एका प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं चालतात, हे आधीच बजावावं लागतं. नाहीतर प्रवेशपरीक्षेच्या सवयीने मुलं एकेकच खूण करतात आणि मिश्र कल दिसतच नाही. बहुतेकांचा कल ‘हाताने करून’ किंवा मिश्र निघाला.

दुपारी स्किल लॅबमध्ये बीपी होतं. सरावाला साठीचे वॉचमनकाका आले. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, असं त्यांना पाच मिनिटं शांत बसवलं. करून शिकणाऱ्या तिघांनी लगेच दंडाला कफ (हवा भरायची पट्टी) बांधला, 160 पर्यंत फुगवला आणि वरचा आकडा लिहिला: 146, 144, 146. ‘वाचून-लिहून’ गटातली उरणची मुलगी मात्र वहीतल्या पायऱ्यांवरून हलेना. तिने आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवला. 180 ला नाडी गेली, म्हणजे बोटांना लागेनाशी झाली. सगळी हवा सोडली, मिनिटभर थांबली, मग 30 ने वर, 210 पर्यंत नेऊन सेकंदाला 2 मिमीच्या बेताने हवा सोडत ऐकू लागली.

“मॅडम, 182 ला ठोके सुरू झाले, 164 ला गेले, 146 ला परत आले. माझं काही चुकतंय का?”

काहीच चुकलं नव्हतं. दोघांना एकदम ऐकता येणारा टीचिंग स्टेथो लावला, मलाही तेच ऐकू आलं. हा मधला शांत पट्टा म्हणजे ऑस्कल्टेटरी गॅप. बीपी वाढलेल्या वयस्कांत तो कधी कधी सापडतो. 160 वर थांबणारा त्या पट्ट्यातच उभा असतो, म्हणून 146 ला परत आलेले ठोकेच त्याला पहिले वाटतात. आवाज गेला तरी नाडी बोटांना लागत राहते, म्हणून ती पायरी. काकांना लगेच ओपीडीत नेलं, तिथेही आकडा 180 च्या घरातच आला.

‘ऐकून’ गटातल्या एका मुलाला तर ठोकेच ऐकू येईनात, कारण इअरपीस उलटे होते. त्यांची टोकं नाकाच्या दिशेने हवीत. ऐकायची आवड वेगळी, कान तयार असणं वेगळं.

आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्येच मांडलं आहे. घरी अभ्यास कसा करतेस, हे विचारायला व्हार्क चांगलं. त्यावरून लॅबचे गट पाडू नयेत, असं माझं ठाम मत आहे. बीपी घ्यायला पायऱ्या वाचाव्याच लागतात, नाडी बोटांनीच कळते, ठोके कानांनीच आणि काटा डोळ्यांनीच.

आता लॅबच्या वहीत ‘नाडी कितीला गेली’ असा वेगळा रकाना आहे. तो रिकामा असेल तर पुढचा आकडा मी तपासत नाही.