कुठला विषय?

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

"हो" म्हणाले मी. एवढंच. कुणाचं काही बिघडलं नाही. तरी सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी राहून डब्यांना झाकणं जुळवत बसलेय, आणि एक झाकण काही केल्या सापडत नाही.

कॅरिलॉन, म्हणजे टॉवरमधल्या घंटांवर वाजवलेलं संगीत, ऐकायचं खूळ मोठ्याचंच. प्रिन्स्टन विद्यापीठात उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी एक वाजता असतं, हिरवळीवर बसायचं, तिकीट नाही. मोठ्याला तिथून नकार आला, त्या एप्रिलनंतर नवऱ्याला प्रिन्स्टनचं नावही नको असतं, पण आईंना डिंकीत, तिथल्या छोट्या ट्रेनमध्ये, बसवायचं निमित्त निघालं आणि तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं म्हणजे होकार, हे एवढ्या वर्षांत कळायला लागलंय.

एडिसनहून ट्रेन, मग प्रिन्स्टन जंक्शनला ती चिमुकली गाडी. बसतोय न बसतोय तोच उतरायची वेळ. "अगं, सोलापूर स्टेशनात डबे इकडचे तिकडे करायला यापेक्षा जास्त वेळ लागतो," आई म्हणाल्या. धाकटीला हे इतकं आवडलं की दिवसभर भेटेल त्या झाडाला सांगत होती.

क्लीव्हलँड टॉवरखाली चादर पसरली, धपाटे काढले, दही काढलं. बरोबर एकला वरून घंटा सुरू झाल्या. माणूस दिसत नाही, स्टेज नाही, नुसतं आभाळातून येतंय. सदुसष्ट घंटा! 1892 सालच्या बॅचनं दिलेल्या, 1927 मध्ये बसवल्या म्हणे. आईंना एकच चिंता: "एक वाजता वर चढलाय म्हणजे हा जेवला कधी असेल?"

शेजारी खुर्ची टाकून एक बाई बसल्या होत्या. मोठी हॅट, पायाशी म्हातारं कुत्रं. मोठा जरा पलीकडे गवतात उताणा पडून टॉवरकडे बघत होता. अंगात नेमका नारिंगी टीशर्ट. बाई हसून म्हणाल्या, मुलगा इथे शिकतो का?

हो.

आता वाटतं, टीशर्टचा दोष. मग वाटतं, घंटांच्या आवाजात नीट ऐकू आलं नसेल. पण ऐकू आलं होतं. कारण त्यांनी पुढे विचारलं, कुठला विषय? आणि मी एक क्षणही न थांबता म्हणाले, इकॉनॉमिक्स.

पहिलं खोटं एक वेळ जिभेवरून घसरलं म्हणता येईल. दुसरं मी निवडून काढलं. मेकॅनिकल नाही, हिस्टरी नाही, इकॉनॉमिक्स. म्हणजे माझ्या आत कुठेतरी हा मुलगा वर्षभर तिथे शिकतोच आहे. आणि गेल्या सप्टेंबरपासून रोज सकाळी सातला आपल्या काउंटीच्या कॉलेजात एसी-हीटिंगची कामं शिकायला जातो, तो कोण? त्याचा डबा तर मीच भरते. मंडळातल्या बायकांना सांगताना मी "टेक्निकल साइडला आहे" म्हणते. ते खोटं नाही. खरंही नाही. गणपतीत परत सगळ्या भेटतील... जाऊ दे.

शंभर अर्जांतले पाचसुद्धा आत घेत नाहीत. उरलेल्या पंचाण्णवांच्या आया काय सांगत असतील?

वाजवणं संपलं तसा तो उठून आजीजवळ आला आणि समजावत बसला. वर लाकडी दांडे असतात, ते मुठीनं हाणायचे, मोठ्या घंटांसाठी पाय. दांड्यापासून तार जाते, तार लोळी ओढते. घंटा हलतच नाही, आजी. आजी म्हणाल्या, "मग आपल्या देवळातल्यासारखंच की, लोळीच हलते." तो म्हणाला, "अगदी!" इतका खुश बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता.

आणि तेवढ्यात त्या बाई कुत्र्याला घेऊन निघाल्या, आणि जाता जाता त्याला म्हणाल्या, इकॉनॉमिक्ससाठी शुभेच्छा.

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "थँक यू" म्हणाला. छान हसला. मग वाकून दह्याच्या डब्याला झाकण लावलं. (म्हणजे दह्याचं झाकण आहे. हरवलंय ते ठेच्याचं.)

नवरा चादर घडी करत होता. ती त्यानं चारदा घडी केली.

मग नासाऊ हॉल, विद्यापीठाची जुनी इमारत, दाराशी ते दोन ब्राँझचे वाघ, धाकटीचे वाघावर बसून फोटो. चालताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. माझी बाजू सावरून घेण्याइतका हा मोठा कधी झाला?

रस्त्यावर यायला फिट्झरँडॉल्फ गेट लागतं. नवऱ्यानं फोनमध्ये वाचून दाखवलं की इथली मुलं शिक्षण संपेपर्यंत मधल्या दारातून बाहेर पडत नाहीत, पडलं की डिग्री राहून जाते म्हणतात. बाजूला छोटी दारं आहेत, त्यांतून जातात. आम्ही सगळे मधूनच निघालो. आईंनी तर उंबरा असल्यासारखा उजवा पाय आधी टाकला.

मोठा थांबला. वळसा घेऊन बाजूच्या दारातून बाहेर आला.

"काय रे?"

"इकॉनॉमिक्स राहायचं माझं, आई."

धाकटीला काही कळलं नाही. नवरा पहिल्यांदा हसला, मग मलाही हसू आलं, आणि मग रस्ता ओलांडेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

त्याच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. सकाळी सहाचा गजर लावलाय त्यानं. डब्याला उरलेले धपाटेच देते, पण ठेचा कशात घालू?