नाव नसलेला भुंगेरा कुठल्या रकान्यात लिहायचा?

शेतातली जैवविविधता मोजताना माझा सगळ्यात जास्त वेळ एका रकान्याने खाल्ला. ‘प्रजातीचे शास्त्रीय नाव : अनिवार्य’. त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांचा तरी वेळ वाचेल.

लागून असलेल्या शेतांची तुलना करायची होती. एकीकडे खोल नांगरट, नियमित फवारणी आणि बांधापर्यंत एकच पीक. दुसरीकडे नांगरट कमीत कमी, फवारणी नाही आणि बांधाला गवताचा रुंद पट्टा राखलेला. जमिनीवर फिरणारे भुंगेरे, कोळी, मुंग्या मोजायच्या आणि नोंदी एका संस्थेला द्यायच्या. सापळे लावणं, काढणं, नमुने अल्कोहोलमध्ये ठेवणं, सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

अडलं ते नावांपाशी. भिंगाखाली तीन मिलिमीटरचा एक भुंगेरा घ्या. पंखांवरचं कवच आखूड, पोट उघडं, लांबट. कूळ लगेच कळतं : स्टॅफिलिनिडी. पण पुढे? या कुळात साठ हजारांहून जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत आणि कित्येकांचा फरक फक्त नराच्या जननेंद्रियाच्या आकारात असतो. कोळ्यांची तीच गत. पिल्लू कोळी असेल तर बहुतेक वेळा तज्ज्ञही प्रजाती सांगू शकत नाही, कारण ओळखीची खूण प्रौढ झाल्यावरच दिसते. अशा वेळी एकसारखे दिसणारे नमुने एकत्र करून ‘स्टॅफिलिनिडी, प्रकार ४’ असं लिहितात. प्रत्येक प्रकाराचा एक नमुना आणि फोटो जपून ठेवला, तर ही पद्धत चालते, जगभर वापरतात.

संस्थेच्या नोंदीच्या तक्त्याला मात्र ती पद्धत चालत नव्हती. ‘प्रकार ४’ लिहिलं की ओळ लाल व्हायची आणि फाइल परत यायची. विचारणा केली तर तेच उत्तर, ‘कृपया सर्व ओळी पूर्ण करा.’ मग एकदा सुचवण्यात आलं की नाव नसलेल्या ओळी काढून टाका, बाकीच्या स्वीकारू. इथे माझा संयम सुटला. नाव नसलेले नमुने सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. बारीक, ओळखायला कठीण जीव बहुतेक गवताच्या पट्ट्यातूनच आले होते. त्या ओळी काढल्या असत्या तर दोन्ही शेतं कागदावर जवळजवळ सारखी दिसली असती. नांगरट आणि फवारणीचा परिणाम मोजायला बसलो होतो आणि तोच पुसून टाकायला सांगत होते!

मग नमुने तज्ज्ञाकडे पाठवले आणि वाट पाहत बसलो. तज्ज्ञांना दोष देत नाही. एकेका कुळाची नीट ओळख असलेली माणसं मोजकी, आणि त्यांच्या टेबलावर आधीच बाटल्यांच्या रांगा. यादी आली तेव्हा काहींना पूर्ण नावं मिळाली होती, बऱ्याच ओळींपुढे मात्र स्पष्ट लिहिलं होतं : फक्त जीनसपर्यंत, म्हणजे कुळाच्या खालची आणि प्रजातीच्या वरची पातळी. म्हणजे त्यांच्याकडेही त्या रकान्यासाठी उत्तर नव्हतं.

सुटका झाली ती ‘डार्विन कोअर’मुळे. जैवविविधतेच्या नोंदींचं हे जागतिक मानक आहे. त्यात ओळख कुठल्या पातळीपर्यंत झाली, कूळ, जीनस की प्रजाती, हे लिहायला स्वतंत्र जागा आहे. जीबीआयएफ हा जागतिक साठाही जीनस किंवा कुळापर्यंतच्या नोंदी घेतो. हे सगळं मांडून पत्र पाठवलं आणि अखेर तक्त्यात ‘ओळखीची पातळी’ असा रकाना उघडला गेला. त्या दिवशी खरंच अभिमान वाटला. आता माझ्यामागून येणाऱ्याची फाइल या कारणाने परत येणार नाही. तुमची अडली तर पहिल्याच पत्रात डार्विन कोअरचं नाव घ्या, माझ्यासारखी वाट पाहू नका.

प्रजातींच्या नुसत्या संख्येवर समाधान मानू नका. समजा दोन शेतांत प्रत्येकी शंभर जीव आणि दहाच प्रजाती मिळाल्या. एकीकडे प्रत्येक प्रजातीचे दहा जीव, दुसरीकडे एकाच प्रजातीचे ९१ आणि बाकीच्यांचा एकेक. शॅनन निर्देशांक, म्हणजे प्रजाती किती आणि त्यांच्यात जीव किती समान वाटले गेले आहेत हे एकत्र सांगणारा आकडा, पहिल्याचा सुमारे २.३०, दुसऱ्याचा ०.५०. मोजलेले मूळ आकडेही सोबत द्याच. निर्देशांकावरून मागे जाऊन ते काढता येत नाहीत आणि कोण गायब झालं हेही त्यातून कळत नाही. सघन शेतीत मोठे, उडता न येणारे भुंगेरे आधी कमी होतात, हे फक्त यादीच सांगते.

लेबल पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

सापळ्यांबद्दल एक राहिलंच. जमिनीत पुरलेला पेला किती जीव आहेत हे मोजत नाही, किती जीव तिथून चालत गेले हे मोजतो. नांगरलेल्या मोकळ्या मातीवर भुंगेरा भराभर चालतो, दाट गवतात अडखळतो. त्यामुळे नांगरलेलं शेत उगाच समृद्ध दिसू शकतं. म्हणून गवतात जोडीला ठरावीक चौकटीतली माती आणि पालापाचोळा उचलून, चाळून मोजा. आणि पेले पुरल्यावर काही दिवस झाकण लावून ठेवा. ताज्या खोदकामामुळे सुरुवातीला जास्तच जीव पडतात.